मुक्ताची दुसरी फेरी

या सहलीतून हेमांगीला काय मिळणार होतं? आठ दिवस स्वयंपाकाला सुट्टी, बर्फातले फोटो आणि दोन्ही जावांचा जळफळाट. मेतकुटाच्या पुड्यांसकट बॅगा भरून झाल्या, तेव्हा नवरा सुधन्वा हळूच म्हणाला, “माझ्या दोन्ही फेऱ्या संपल्यात गं. एक मधुचंद्राची, एक ऑफिसची.”

सरकारी नियमानं विमानाच्या फेऱ्या माणशी जन्मात दोनच. हेमांगीची उरलेली एक तिलाच लागणार होती.

“मग परदेशात पोरांना मी एकटी सांभाळू?”

“छे! मुलांची फेरी आईबापांना वापरता येते की. मुक्ताची पहिली या सहलीला लागेल, दुसरी मी घेतो.”

“मुक्ताचीच का? ओजसची घे.”

“अगं, त्याला पुढं शिकायला जावं लागेल!”

“तीन वर्षांचा आहे तो. अजून चड्डी उलटी घालतो.”

“बरं, रद्द करू. जावांना तूच सांग.”

हेमांगीनं भरलेल्या बॅगांकडे पाहिलं आणि फेरी देण्याच्या संमतीसाठी मोबाइल मुक्तासमोर धरला. पाच वर्षांच्या मुक्तानं हौसेनं अंगठा टेकवला.

“आई, पुढच्या वेळी विमानात खिडकी माझी हं!”

“हो गं राणी,” हेमांगी म्हणाली.

सुधन्वाच्या पदरात तिसरी फेरी पडली, ओजसची एक शिल्लक राहिली, आणि मुक्ताला पुढची वेळच उरली नाही.