काखेतली शाई

दार उघडू नये म्हणून सूर्यभान त्या दाराकडेच टक लावून उभा होता. ऑपरेशन थिएटरचं दार. आत मालन होती, त्याची बायको.

सकाळी डॉक्टर पद्मजांनी नीट समजावलं होतं. उजव्या छातीतली गाठ लहान आहे, वेळेत सापडली, ती निघेल. प्रश्न काखेचा: तिथं सगळ्यांनाच असतात त्या बारीक गाठींत रोग उतरलाय का. छातीत निळं औषध टोचायचं, ते वाहत काखेतल्या ज्या गाठीत पहिल्यांदा पोचेल ती काढून तिथल्या तिथे तपासायची. स्वच्छ निघाली तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. नाही निघाली तर काख सगळी साफ करायची, आणि मग हात सुजायची भीती जन्माची. "बीच में मैं बाहर आयी, तो समझो काम बढ़ गया," असं म्हणून त्या आत गेल्या होत्या.

मालन सिटी बसवर कंडक्टर. धावत्या बसमध्ये उजवा हात दिवसभर वरच्या दांड्याला. "हात गेला तर मला घरी बसवतील," ती म्हणाली होती, "आणि घरी तुम्ही असता."

तो लिफ्टपर्यंत गेला, परत आला. पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली. हात कसे धुवावेत ती पाटी तेलुगूत वाचली, मग इंग्रजीत वाचली.

"सूर्या, बस की रे एका जागी," सखूआक्का म्हणाली. ही त्याची थोरली बहीण, शहरातल्याच गौलीगुड्याहून डबा घेऊन आलेली. "तुझ्या फेऱ्यांनी माझं बीपी वाढायलंय."

"पप्पा, नक्को टेन्शन," मोबाइलमधून मान वर न करता स्वप्ना म्हणाली. त्याची मुलगी. मोबाइलचा पडदा कधीचाच काळा झाला होता.

आणि दार उघडलं.

डॉक्टर पद्मजा. मास्क हनुवटीखाली. आक्कानं तोंडाला पदर लावला.

"पहली गाँठ साफ है," डॉक्टर म्हणाल्या. "लेकिन..." तिच्यामागे आणखी काही गाठी होत्या, काळ्यानिळ्या. हा रंग औषधाचा वाटत नव्हता. रोगाचा असेल तर सगळ्या काढायला हव्यात. "कभी कभी गोदने की शाई भी काख तक उतर जाती. इनके सीधे हाथ पे टॅटू था क्या कभी? दंड पे तो सिर्फ जलने का निशान है."

"नो, नो," स्वप्ना उठलीच. "मम्मीको टॅटू-वॅटू कुछ नहीं. तेलाचा डाग आहे तो. भजी तळताना उडालं होतं. ना, पप्पा?"

पप्पांनीच तर सांगितलं होतं. इतकी वर्षं त्या डागाबद्दल कुणी विचारलं की मालननं तोंड उघडायच्या आत सूर्यभान सांगून मोकळा व्हायचा, तेल उडालं. पुढेपुढे त्यानं त्यात मिरचीची भजीही घातली होती. तेलाचं पहिल्यांदा मालनच बोलली होती, लग्नाच्या आठवड्यात. त्यानं मान डोलावली होती. पण बिब्बा लावून गोंदण जाळलं की कातडी कशी होते, हे मराठवाड्यातल्या पोराला शिकवावं लागत नाही. शिवाय तेव्हा चट्ट्याच्या कडेला जत्रेतल्या मशीनचा एक निळा काना शिल्लक होता. आता तोही विरला. कुणाचं नाव, हे त्यानं कधी विचारलं नाही. आपल्याला कळलंय, हेही तिला कळू दिलं नाही.

डॉक्टर थांबल्या होत्या. आक्का त्याच्याकडे बघत होती. सकाळी तिच्या कानावर पडलेलं संध्याकाळी परभणीच्या भावकीत पोचायचं.

"था," सूर्यभान म्हणाला. "नाम गोदवाये थे उनो. शादी के पहले. बिब्बे से जला के मिटाये."

"पक्का?"

"हौ. मैं देखा."

डॉक्टरांनी त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. "ठीक. एक निकाल के देख लेती मैं. शाई निकली तो बाकी को छूती नहीं." दार बंद झालं.

"कुणाचं नाव?" आक्कानं विचारलं.

"ते डॉक्टरनी विचारलं नाही."

"अरे, पण आपल्या घरात..."

"आक्का, हात राहतोय का जातोय ते आधी बघू. नाव कुठं पळून चाललं नाही."

स्वप्ना बापाकडे पहिल्यांदाच भेटल्यासारखी बघत राहिली.

दुपारी त्याला एकट्यालाच आत सोडलं. त्या निळ्या औषधानं मालनचा चेहरा राखेसारखा निळसर झाला होता.

"हात?" तिची जीभ जड होती.

"जागेवर आहे. काखेतल्या दोनच गाठी काढल्या. एक साफ. दुसरीत नुसती शाई. बाकीच्या तशाच ठेवल्या."

ती छताकडे बघत राहिली. शाई कुठली, असं तिनं विचारलं नाही. मग म्हणाली, "डॉक्टरला कुणी सांगितलं?"

"मी."

"आक्का होत्या?"

"होती."

तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे उतरलं. ओठ मात्र हसल्यासारखे हलले. "मग आता विचारा की नाव."

"हात उंच ठेवायला सांगितलाय नर्सनं," तो म्हणाला.

उशी एकच होती, तिच्या डोक्याखाली. त्यानं स्टूल खाटेशी ओढलं, अंग आकसून बसला आणि तिचा हात हळूच उचलून आपल्या खांद्यावर घेतला. हात जड होता. बाहेरून आक्कानं हाक मारली, मग स्वप्नानं. तो हलला नाही.