अर्धी जागा

“अर्धी जागा म्हणजे काय?” पाळणाघराच्या काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला. “कमरेच्या वरचं बाळ ठेवू की खालचं?”

आठ महिन्यांची लेक कडेवर सावरत भिंगवाली कसनुसं हसली. “अर्धा दिवस हो, काकू. सकाळी साडेसहा ते दुपारी सव्वा. माझं काम अर्ध्या दिवसाचं, पगारही अर्धा. फी अर्धी झाली तर जमेल.”

“आणि दुपारनंतर ती जागा रिकामी राहील, त्याचं काय? तान्ह्यांच्या खोलीत एका बाईला चारच बाळं. पाचवं मी घेत नाही. तीन आहेत, चौथ्याची जागा आहे. पण ती पूर्ण दिवसाची.”

भिंगवालीचं हे पाचवं पाळणाघर. पहिल्यात फरशी ओली होती. दुसऱ्यात टीव्ही पोरांपेक्षा जोरात रडत होता. तिसरं इतकं चकचकीत, की फी ऐकल्यावर तिने प्यायला पाणीसुद्धा मागितलं नाही. चौथ्याचं तर नावच नको. चष्म्याच्या कारखान्यात ती भिंगं तपासायची, म्हणून तर सगळे तिला भिंगवाली म्हणत. केसाएवढा ओरखडाही तिच्या नजरेतून सुटत नसे. पण इथे अर्धा तास डोळे ताणूनही तिला खोट सापडेना. प्लगांवर झाकणं होती, दुपट्यांना उन्हाचा वास होता, आणि सांभाळणारी बाई एका टकलू बाळाशी अगदी गंभीरपणे हवापाण्याच्या गप्पा मारत होती.

म्हणून तर जीव जास्त जळत होता. सोमवारी ती कामावर हजर झाली नाही, तर तिची खुर्ची दुसरीला मिळणार होती. आणि पूर्ण फी भरायची, तर पगार कारखान्यातून निघून थेट काकूंच्या कपाटात जाणार. वाटेत तिची नि त्याची भेटसुद्धा होणार नाही.

दारापाशी एक बाई वाकून सँडलचा पट्टा लावत होती. तिच्याही कडेवर एक गुटगुटीत गडी होता. ती भिंगवालीच्या आधी आली होती आणि फी ऐकून निघाली होती. पण पट्टा काही केल्या लागत नव्हता, की तिलाच तो लावायचा नव्हता, कोण जाणे.

“तुमचं काम कुठल्या वेळेचं?” भिंगवालीने तिला विचारलं.

“दोन ते आठ. औषधांच्या दुकानात.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. गणित दोघींच्या डोक्यात एकदमच सुटलं असावं, कारण दोघी एकदमच काकूंकडे वळल्या.

“सव्वाला माझी लेक जाईल...”

“आणि दीडला माझा येईल!”

काकूंनी चष्मा पुन्हा नाकावर आणला आणि दोघींना आळीपाळीने निरखलं. “दुपारी चादर बदलावी लागेल,” त्या पुटपुटल्या, म्हणजे निम्म्या तयार झाल्याच. मग त्यांनी वहीवर बोट ठेवलं. “पण माझ्याकडे एका जागेला एकच सही. उद्या तुमच्यातली एक मध्येच सोडून गेली, तर सही करणारीकडून मी पूर्ण फी घेणार. आतल्या बाईचा पगार काही मला अर्धा करता येत नाही. बोला, कोण करतंय सही?”

औषधवालीचा चेहरा पडला. “माझं काम अजून पक्कं नाही,” ती हळूच म्हणाली. “तीन महिने बघू, म्हणालेत.”

हे तिने सांगितलं नसतं तरी चाललं असतं. विचारलं कुणी होतं? पण सांगितलं खरं, आणि आता पेन भिंगवालीकडे वळलं.

भिंगवालीने औषधवालीला नव्याने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ना ओळख ना पाळख. हिचं नाव काय, ही राहते कुठे? तीन महिन्यांनी हिचं काम सुटलं आणि ही फिरकलीच नाही, तर? आणि मग तिला स्वतःचंच हसू आलं. ज्यांचं तोंडही तासापूर्वी पाहिलं नव्हतं, त्या काकूंच्या हवाली पोटची पोर करायला ती एका पायावर तयार होती. आणि पैशाची गोष्ट निघताच हिची सात पिढ्यांची चौकशी करायची?

“द्या पेन,” ती म्हणाली.

“आधी ओळखपत्राचा नंबर लिहा,” काकू म्हणाल्या.

ओळखपत्र पिशवीच्या तळाशी होतं, लंगोट, बाटली आणि बिस्किटांच्या चुऱ्याखाली. एका हाताने ते निघेना. “ताई, जरा धरा हिला,” असं म्हणून भिंगवालीने पिशवी टेबलावर उलटी केली, ओळखपत्र पुसलं, नंबर लिहिला. सहीसाठी पेन टेकवलं, तेव्हा कुठे तिला कड रिकामी असल्याचं जाणवलं. तिने चटकन वळून पाहिलं.

सख्ख्या मावशीकडेही न जाणारी तिची लेक औषधवालीच्या कडेवर ऐसपैस बसली होती. दुसऱ्या कडेवरच्या गड्याचा कान तिने मुठीत धरला होता, आणि गडी तो निमूटपणे ओढू देत होता. दोघांच्या वजनाने औषधवाली पार वाकली होती.

“सावकाश करा सही, ताई,” ती म्हणाली. “दोन-दोन पोरं कडेवर घेऊन मी कुठे पळणार?”