कूलरची घरघर

आप्पांचं शरीर जाऊन वर्ष झालं होतं. मन मात्र दिवाणखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये सुखरूप होतं. पण प्रोसेसरचा जुना कूलर वाजायला लागला, तसे आप्पा लेकीला रोज म्हणायचे, "वृंदा, मला घरघर लागली गं."

वृंदाने त्याच कूलरचं नवं, तिसरं, सगळ्यात शांत व्हर्जन बसवलं. ते इतकं शांत की आई उठता-बसता हाका मारू लागली, "अहो, ओ तरी द्या." आप्पा आत निवांत पेपर वाचत असायचे.

शेवटी वृंदाने कूलरचं मधलं, दुसरं व्हर्जन लावून पाहिलं. दुपारी जेवणं झाल्यावर कॅबिनेटमधून संथ, खर्जातला आवाज आला. ती धास्तावून स्क्रूड्रायव्हर घेऊन धावली.

आईने ओठांवर बोट ठेवलं. वर्षभरात पहिल्यांदाच ती ऐसपैस टेकून बसली होती.

"हळू," ती म्हणाली, "घोरतायत."