नावाशिवायचा स्तंभ

"सेसिल आता फार दिवस काढायचा नाही," हेस्टर म्हणाली. "इस्पितळातून फोन होता. तुला भेटायचंय म्हणतोय."

ऑब्री पेनहेल टोस्टला लोणी लावत राहिला. "मला नाही भेटायचं."

"जा, ऑब्री. तो गेल्यावर राग कुणावर धरशील?"

"तू येतेस?"

"नको. तुमचं तुम्ही बघा."

ऑब्री म्हणजे लंडनच्या कलाविश्वातलं बडं प्रस्थ. त्याने चार बरे शब्द लिहिले की पोरसवदा चित्रकार संग्रहालयाच्या भिंतीवर चढे. ऑब्रीने नाक मुरडलं की त्या पोराची चित्रं तळघरात जात. पण त्याला स्वतःला व्हायचं होतं चित्रकारच. तरुणपणी त्याचं एकुलतं एक प्रदर्शन भरलं आणि सेसिल हॅडनच्या वर्तमानपत्री स्तंभाने ते झोपवलं. 'हे गृहस्थ चित्रांविषयी सुरेख बोलतात. त्यांनी बोलतच राहावं.' सगळं लंडन हसलं. ऑब्रीने पुन्हा कुंचला हातात धरला नाही.

त्या काळी समीक्षेखाली नाव छापत नसत. 'आमच्या कलासमीक्षकाकडून' एवढंच असे. पण तो समीक्षक म्हणजे सेसिल, हे पोस्टमनलासुद्धा ठाऊक होतं. सेसिल म्हणजे कॉलेजपासूनचा जिवलग मित्र. ऑब्री त्याला जाब विचारायला गेला नाही. आमच्या लंडनात सभ्य माणसं भांडत नाहीत, बोलणं टाकतात. पार्टीत समोरासमोर आले तर दोघं हवापाण्यावर बोलत आणि बाजूला होत. या सभ्यतेत उभं आयुष्य निघून गेलं.

हेस्टर तेव्हा त्याच वर्तमानपत्रात सेसिलच्या हाताखाली काम करायची. तिने लगेच राजीनामा दिला आणि ऑब्रीशी लग्न केलं. तो घुम्यासारखा पडून राही, तेव्हा तिनेच त्याला टेबलापाशी बसवून लिहितं केलं. त्याचा प्रत्येक लेख आधी तिच्या नजरेखालून जाई. बायको असावी तर अशी, असं त्याचे मित्र म्हणत, आणि तोही म्हणे.

दुपारी ऑब्री इस्पितळात गेला. सेसिल पार वाळून गेला होता.

"म्हातारा झालास की रे," सेसिल म्हणाला.

"तू तर त्याच्याही पुढे गेलायस."

"हेस्टर नाही आली?"

"नाही."

ऑब्री खुर्ची ओढून बसला. कोट त्याने काढला नाही. "एवढंच विचारायला आलोय. का लिहिलंस?"

सेसिलने खिडकीकडे तोंड वळवलं. "हेस्टर काय म्हणते?"

"तिला कशाला मध्ये ओढतोस? तुझ्यापायी तिने नोकरीवर पाणी सोडलं."

"हो. ते खरं." सेसिलने मान फिरवली. "पोटात दुखलं माझ्या, म्हणून लिहिलं. चित्रं चांगली होती, ऑब्री. ओहोटीच्या वेळची ती थेम्स तर फारच चांगली होती. माफ कर मला."

ऑब्रीचा राग जिथल्या तिथे विरघळला. आपली चित्रं चांगली होती, हे ऐकायला तो किती तहानला होता, ते त्याला आत्ता कळलं.

"गाढवा," तो म्हणाला, "हे तेव्हाच बोलला असतास तर!"

"तू विचारलंस कुठे?"

दोघे हसले. सेसिलला ठसका लागला. ऑब्रीने त्याला पाणी पाजलं आणि त्याचा हात धरून बसून राहिला. निघताना सेसिल म्हणाला, "हेस्टरला सांग, मी कबूल केलं म्हणून."

घरी आला तेव्हा ऑब्री शीळ घालत होता. हेस्टर ओट्याशी बटाटे सोलत होती.

"मिटलं एकदाचं," तो म्हणाला. "मनातली अढी गेली. उद्या सकाळी रंग घेऊन येतो. हसू नकोस."

हेस्टर हसली नाही. "काय म्हणाला तो?"

"कबूल केलं त्याने. पोटात दुखलं म्हणून लिहिलं म्हणाला. चित्रं चांगली होती म्हणाला. तुला मुद्दाम सांगायला सांगितलंय."

हेस्टरने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि ती खुर्चीवर बसली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तुझ्या प्रदर्शनाच्या आठवड्यात सेसिल आईच्या अंत्यविधीला यॉर्कशरला गेला होता," ती म्हणाली. "स्तंभ मी लिहिला."