नऊ ओळींची यादी

शनिवारी सकाळी अकरा वाजता इशिताने अकोल्याच्या एका हॉस्पिटलचे रिपोर्ट बंद पाडले. ते बंद पडणार हे अमरावतीच्या त्या ऑफिसात एकट्या प्रीतमला ठाऊक होतं, आणि तो बुधवारपासून गप्प होता.

कंपनी अठरा माणसांची. वऱ्हाडातल्या लॅबचे रिपोर्ट क्लाउडवर ठेवायचे आणि डॉक्टर मागतील तेव्हा दाखवायचे, हे तिचं काम. त्या क्लाउडमध्ये चोराला शिरता येईल अशा फटी बुजवण्याचं काम सहा वर्षं प्रीतमकडे होतं. तपासणीचं सॉफ्टवेअर दर सोमवारी चौदाशे फटींची यादी द्यायचं. सर्वात धोक्याच्या लाल आधी, मग केशरी, मग पिवळ्या, अशा क्रमाने तो त्या बुजवत जायचा. यादी कधी संपली नाही, पण तो कधी थांबलाही नाही.

तीन महिन्यांपूर्वी आलेल्या इशिताने नऊच ओळींची यादी केली. ती म्हणाली, लाल फटी ज्या मशीनवर आहेत तिथपर्यंत बाहेरचा माणूस पोचूच शकत नाही. उलट खाली कुठेतरी पिवळ्यांत पडलेला एक फोल्डर असा आहे, की लिंक मिळेल त्या कोणालाही पेशंटचं नाव आणि आजार वाचता येतो. तो आधी बंद करू. ललिता मॅडमनी, म्हणजे मालकिणींनी, ती यादी छापून भिंतीवर लावली. सहा वर्षांत प्रीतमचं काहीही त्या भिंतीवर लागलं नव्हतं.

त्या यादीची एक प्रत त्याने घरी नेली ती चूक शोधायला. एखादी तरी असेलच. बुधवारी सापडली. तो फोल्डर चार वर्षांपूर्वी त्यानेच उघडा ठेवला होता, कारण अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका हॉस्पिटलचं जुनाट सॉफ्टवेअर दुसऱ्या कुठल्याच वाटेने रिपोर्ट वाचू शकत नव्हतं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. इशिताला कळायला मार्गच नव्हता.

सांगू तिला, असं त्याने ठरवलं. मग बसून चार ओळींचा नियम लिहिला: फोल्डर सगळ्यांना बंद, फक्त त्या हॉस्पिटलच्या इंटरनेट पत्त्याला उघडा. नियम उत्तम झाला होता. तो इशिताच्या हाती दिला की तिची यादी बिनचूक होणार होती, आणि तेवढंच त्याच्याने होईना. त्याने स्वतःची समजूत घातली, हॉस्पिटलवाले फोन करतील, पाच मिनिटांचं तर काम आहे.

शनिवारी अकराला इशिताने तो फोल्डर बंद केला आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. मॅडमनी स्पीकर लावला. पलीकडे डॉक्टर बाई होत्या. सिझरसाठी पेशंट टेबलावर घेतली होती, आणि सकाळचा प्लेटलेटचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय पाठीत भुलीचं इंजेक्शन देता येत नव्हतं. रिपोर्ट उघडत नव्हता, लॅबचा फोन लागत नव्हता.

इशिता हॉस्पिटलचं लॉगिन तपासू लागली. ते ठीक होतं. मग नेटवर्क तपासलं. तेही ठीक होतं. आपण बंद केलेल्या फोल्डरचा याच्याशी संबंध असेल, हे तिच्या ध्यानातच येत नव्हतं.

"किती वेळ लागेल?" मॅडमनी विचारलं.

"माहीत नाही, मॅडम."

हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायला प्रीतम तीन महिने थांबला होता. त्याला वाटलं, आणखी थोडं. आणखी एक मिनिट.

फोनमधून डॉक्टर बाईंचा आवाज आला. "पोटातल्या बाळाचे ठोके उतरून राहिले. मले रिपोर्ट पाहिजे, कारणं नको."

प्रीतम उठला. इशिताला बाजूला सरकायला सांगून त्याने आपली फाइल उघडली आणि तो नियम चढवला. अर्ध्या मिनिटात पलीकडून 'दिसला' असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. पाऊण तासाने निरोप आला, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत.

मॅडम सगळ्यांसमोर इशिताला म्हणाल्या, "प्रीतमकडून शिक जरा."

"चूक माझी हाय, मॅडम," इशिता म्हणाली. "तो फोल्डर कोण वापरते, हे मी प्रीतमभाऊले आधी इचाराले पाहिजे होतं."

सगळे आपापल्या जागी गेले. प्रीतमची फाइल इशिताच्या पडद्यावर तशीच उघडी होती. कोपऱ्यात बुधवारची तारीख होती, आणि ती तिथेच बघत होती.

"मले माहीत होतं," प्रीतम म्हणाला.

"दिसलं मले."

तो वाट पाहत राहिला. मग त्यानेच विचारलं, "मॅडमले सांगशील?"

इशिताने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. पेन घेऊन उठली, पहिल्या, त्या फोल्डरच्या ओळीवर रेघ मारून आली आणि शेजारची खुर्ची त्याच्यासाठी ओढली.

"अजून आठ फटी उघड्या हायेत, भाऊ. त्या आधी. दुसऱ्या ओळीवर कोणाचं काय चालते, ते सांगा."

ती चिडली असती, ओरडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तो खुर्चीवर बसला नाही. उभ्यानेच सांगू लागला, आणि ती लिहून घेऊ लागली.