बाहेर काहीच जात नाही

डुकराला कानामागे खाजवलं की ते डोळे मिटतं.

चीजवरच्या बुरशीला रविवार नसतो.

शंभर लिटर दुधाचं चीज होतं दहा किलो. बाकी उरतं ते हिरवट पाणी. त्याला निवळी म्हणतात.

शेणाच्या गॅसची ज्योत निळी असते.

तपासणीवाल्या बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि ताईच्या काळजात धस्स झालं. कारण बाई अजून डुकरांपर्यंत पोचल्याच नव्हत्या. त्या चीजच्या खोलीत उभ्या होत्या.

या दिवसासाठी ताईनं शाळेतली भूगोलाची नोकरी सोडली होती. ‘शून्य कचरा’चा शिक्का मिळाला की तिचं चीज मोठ्या दुकानांत जाणार होतं. मग नातेवाइकांनी तोंडं कुठे लपवायची ते त्यांचं त्यांनी बघावं. ‘चांगली नोकरी सोडून दूध सडवत बसलीय’ असं म्हणणाऱ्यांत दोन मावश्या होत्या आणि एक सख्खी आई.

चीज ताईचं, बाकी सगळं धाकट्या भावाचं. हात गोल फिरवल्याशिवाय त्याला बोलता येत नसे. आताही तो बाईंसमोर पवनचक्कीसारखा उभा होता. गॅसवर दूध तापतं. दुधाचं चीज होतं. निवळी पाइपातून डुकरांकडे जाते. डुकरांचं आणि गाईंचं शेण टाकीत पडतं, त्याचा गॅस होतो. उरलेला गाळ गवताला, गवत गाईंना, गाई पुन्हा दुधाला. “निवळी ओढ्यात जाऊन वाया जायची, म्हणून तर डुकरं आणली,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. ताईनं ते इतक्यांदा ऐकलं होतं की तिचे ओठ आपोआप हलले.

रकाना एक ते पाच: बरोबर, बरोबर, बरोबर, बरोबर, बरोबर.

रकाना सहा: जनावरांचा आहार.

नऊ डुकरं आडवी पडली होती. पाहुणे आले म्हणून उठण्याची तसदी एकानंही घेतली नाही. बाईंनी विचारलं, काय खातात? धाकटा म्हणाला, निवळी, आणि मूठभर कोंडा.

बाईंनी रुमाल खिशात घातला. आपले वडील डुकरं पाळायचे, असं त्यांनी सांगितलं. निवळी म्हणजे शेवटी पाणीच. त्यावर डुक्कर जगतं, असं लोडासारखं टरारत नाही. एवढं बोलून त्या वाकल्या आणि पेनानं डुकरांच्या खाण्याच्या कुंडीचा तळ ढवळला. नारिंगी सालीचा एक तुकडा वर आला.

ताई चीजवरची ती साल दर दोन दिवसांनी मिठाच्या पाण्यानं पुसत असे. स्वतःचं अक्षर ओळखावं तशी तिनं ती ओळखली. धाकटा घाईघाईनं म्हणाला, कापताना कडा उरतात, त्या टाकतो.

पण ताई चीज कापतच नसे. साच्यातून निघालेल्या अख्ख्या चकत्या पेटीत भरून द्यायची. दर गुरुवारी तो गाडी घेऊन ते विकायला शहरात जायचा आणि संध्याकाळी रिकाम्या पेट्या आणायचा. ती त्या पेट्या धुताना गाणं म्हणायची.

मग त्यानं सांगून टाकलं. गाडी पुढच्या फाटकातून निघते आणि ओढ्याकडून मागच्या फाटकातून आत येते. चकत्या इथे उतरतात. डुकरांना खारट लागू नये म्हणून तो त्या आधी पाण्यात भिजत घालतो. नंतर शहरात जाऊन लोकांच्या मोटारी दुरुस्त करतो आणि ते पैसे चीजचे म्हणून आणून देतो.

“कधीपासून?” ताईनं विचारलं.

“दोन महिने. फार तर तीन. त्याआधी हातोहात जायचं गं. लोक विचारायचे, ताईंचं आलं का म्हणून.”

ताईनं पदराला नाक पुसलं आणि मनात हिशेब मांडला. तीन महिने. म्हणजे उन्हाळ्यातलं दूध. मिठाचं पाणी पातळ झालं असणार. एवढंच ना? जे बिघडतं ते सुधारतंही.

बाई मान खाली घालून लिहीत होत्या. रकाना सात: आवाराबाहेर काय जातं? त्यांनी लिहिलं, काहीच नाही. वर म्हणाल्या, अठरा वर्षांत असं चोख वर्तुळ पाहिलं नाही. सगळीकडे निदान माल तरी बाहेर जातो. पूर्ण गुण. शिक्का डाकेनं येईल.

ताईनं विचारलं, चव तरी बघाल का? बाईंनी लहानसा तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावला. पाणी मागितलं.

“चवीला आमच्याकडे रकाना नाही,” त्या म्हणाल्या आणि भराभर फाटकाकडे गेल्या.

धाकटा खाली मान घालून उभा होता. ताईनं त्याच्या शर्टाच्या खिशातून गाडीची किल्ली काढून घेतली. या गुरुवारी मी जाते, म्हणाली. तीन महिन्यांपूर्वी कोण कोण घेत होतं, सगळ्यांचे पत्ते लिहून दे. दारात उभी राहते आणि विचारते, काय चुकलं.

“देतो,” तो म्हणाला. त्याचे हात पहिल्यांदाच जागचे हलले नाहीत.

पहिलं चीज पिकलं गेल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. डुकरं आली तिसऱ्या आठवड्यात. निवळीचा पाइप बसला जूनमध्ये; तोवर निवळी ओढ्यातच जायची.