चढाईचे तास

उद्याच्या चढाईसाठी मी स्वयंपाकघरात नकाशा पसरला होता. "शेजारच्या उर्सिननं बर्फ काढून पुलापर्यंत रस्ता मोकळा केलाय, बाबा. तिथून कुरणापर्यंत स्की खांद्यावर, वर बर्फ सलग आहे." "रात्री गोठतोय?" "हो. पण दहाला उन्हानं मऊ होऊन घसरायला लागतो." म्हणजे नऊला माथा गाठायलाच हवा. चढाईला सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेळ धरायचा, हा बाबांचा वाटाड्याच्या धंद्यातला नियम. लहानपणी तो वेळ माझा असायचा. ते मला गोगलगाय म्हणायचे. आज त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याकडे न बघता मी 'चार तास' लिहिलं आणि आवरून पुलापर्यंत पोचायला दीड तास धरून गजर साडेतीनचा लावला. बाबांनी पेन्सिल घेऊन 'चार' खोडलं, 'सहा' लिहिलं. "बाबा, एवढा वेळ कशाला?" "तू माझी भीड ठेवशील, लाडिना. बर्फ ठेवणार नाही." मग गजराचा काटा त्यांनी दीडवर आणला. "आणि या गोगलगाईला वेळेवर उठव."